क्लायंटचा माणूसच ॲडमिन असेल तर डेटाबेसची फाईल (एमडीएफ) लपत नाही

म्हणजे मस्जिद बंदरच्या गाळ्यात बिलिंग सॉफ्टवेअर बसवलंयस, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टचा फुकटातला डेटाबेस) शेठच्याच पीसीवर, पोरं सगळी ॲडमिन लॉगिनने बसतात आणि तुला हवंय की डेटाबेसची फाईल कुणी उचलू नये. नाही जमत रे. फोल्डरच्या परमिशन काढल्यास तरी ॲडमिन ओनरशिप घेतो, दोन मिनिटांचं काम.

मी पोळलोय म्हणून सांगतो. काळबादेवीला एका पार्टीकडे एसएचा, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरच्या मुख्य लॉगिनचा, पासवर्ड चांगला सोळा अक्षरी ठेवून मी निवांत होतो. त्यांच्या हार्डवेअरवाल्याने जेवणाच्या सुट्टीत एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस स्टॉप केली (चालू असताना फाईल लॉक असते ना), एमडीएफ आणि सोबतची लॉग फाईल (एलडीएफ) पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि घरी आपल्या लॅपटॉपवरच्या एसक्यूएल सर्व्हरला अटॅच केल्या. पासवर्ड कुणी विचारलाच नाही, कारण लॉगिन असतात सर्व्हरच्या स्वतःच्या मास्टर डेटाबेसमध्ये, तुझ्या फाईलमध्ये नाही, आणि स्वतःच्या लॅपटॉपवर तोच सिसॲडमिन, म्हणजे सर्व्हरवर सगळे हक्क असलेला. मला कधी कळलं, तर दुसऱ्या एकाने त्याच पार्टीला डेमो दाखवला तेव्हा. क्वांटिटी कॉलमच्या स्पेलिंगमध्ये मी एक टी खाल्ला होता, तो तिथेही गायब!

आणि फाईल हलवायचीही गरज नाही, सर्व्हर सुरू करताना मायनस एम (-m) हा पर्याय लावून सिंगल युजरमध्ये चालू केला की मशीनचा लोकल ॲडमिन सिसॲडमिन म्हणून आत येतो. पासवर्ड विसरलेल्यांसाठी मायक्रोसॉफ्टनेच ठेवलेली वाट आहे ती.

आता कुणीतरी टीडीई, म्हणजे डिस्कवरची अख्खी डेटाबेस फाईल एन्क्रिप्ट करणं, सुचवेलच. ते एक्सप्रेसमध्ये नाहीच, स्टँडर्डमध्ये 2019 पासून आलं, त्याआधी एंटरप्राइझच लागायचं. शिवाय ते चोरलेल्या फाईलसाठी आणि बॅकअपसाठी, त्याच मशीनवर मायनस एमने घुसलेल्याला सगळं उघडंच दिसतं. ऑलवेज एन्क्रिप्टेड, म्हणजे ठरावीक कॉलमच एन्क्रिप्ट करणं, 2016च्या एसपी 1 (सर्व्हिस पॅक 1) पासून एक्सप्रेसमध्येही आहे, त्यात किल्ली क्लायंट ॲपच्या बाजूला राहते, पण तुझं ॲपही त्याच पीसीवर, म्हणजे कुलूप लावून चावी पायपुसण्याखाली. वर लाइक लावून, म्हणजे नावाचा तुकडा टाकून, पार्टीचं नाव शोधणं बंद, मग शेठ तुलाच फोन करणार.

डेटाबेसमधल्या प्रोसिजरचा कोड लपवायला विथ एन्क्रिप्शन लावून खूश होऊ नकोस, ते सोडवायची टूल्स फुकट मिळतात. तुझं खरं डोकं ज्यात आहे तो हिशोब आपल्या सर्व्हरवर ठेव, मधे एपीआय म्हणजे गाळ्यातलं ॲप फक्त विचारेल आणि उत्तर घेईल, कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड) गाळ्यात जाताच कामा नये. नेट गेलं की बिलं अडतील, तेवढी ऑफलाइनची सोय करावी लागेल, त्यात मेहनत आहे.

पण आधी शेठला विचार, नक्की कुणापासून लपवायचंय. उधारीची खाती त्याचीच आहेत, त्याच्यापासून तू काय लपवणार? पोरांपासून म्हणाला तर त्यांची लॉगिन स्टँडर्ड युजर कर, ॲडमिन पासवर्ड कागदावर लिहून शेठच्या गल्ल्यात, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू कर म्हणजे कुणी डिस्क काढून नेली तरी हरकत नाही, आणि बॅकअप पडतो तो फोल्डर सगळ्यांना शेअर केलेला नाही ना ते आजच बघ.