आजोबांची पद्मिनी ऑटोक्रॉसला न्यावी का?

तू विचारलंयस ते थोडक्यात असं: आजोबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी रामबागेतल्या घराच्या अंगणात नऊ वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे, ती तुला चालू करायची आहे आणि येत्या हिवाळ्यात ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानात आखलेल्या वळणदार वाटेवरच्या घड्याळाच्या शर्यतीला, उतरवायची आहे. मीही इंदूरचाच. जुन्या गाड्यांच्या नादात पंचवीस वर्षं गेली, आणि तुझ्यासारखाच हट्ट मी एकदा केला आहे. म्हणून उत्तर आधी सांगतो. गाडी चालू कर, जरूर कर. टीएसडी रॅलीला ने, म्हणजे ठरलेल्या सरासरी वेगाने ठरल्या वेळी पोचायच्या रॅलीला. ऑटोक्रॉसला मात्र ती नेऊ नकोस, त्यासाठी दुसरी गाडी घे.

माझ्याकडे वडिलांची पद्मिनी होती, पांढरी, स्टिअरिंगजवळ गिअर असलेली. मातीच्या मैदानावर ऑटोक्रॉस होतं. पहिल्या दोन फेऱ्या इतक्या छान गेल्या की तिसरीच्या आधी मी ऑइलची डिपस्टिक काढूनही पाहिली नाही. लांब उजव्या वळणावर ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकला. मला तो दिसला होता, हे आजही कबूल करतो. पण समोर शेवटची सरळ पट्टी होती आणि मी पाय उचलला नाही. ऑइल कमी असलं की लांब वळणात ते चेंबरच्या एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडं पडतं. आधी खटखट आली, मग कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. इंजिन दुसरं मिळालं, आरसीवर नवा नंबरही चढला. वडील गॅरेजमध्ये आले, फुटलेल्या ब्लॉकवरचा जुना नंबर बोटाने पुसून वाचला आणि काही न बोलता घरी गेले. तेव्हापासून माझा नियम ठरला: जी गाडी पुन्हा आणता येणार नाही, ती घड्याळाशी झुंजवायची नाही.

आता गाडी जागी करायची कशी ते. सेल्फ मारायची घाई करू नकोस, सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. चारही स्पार्क प्लग काढ, प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाक, दोन दिवस तसंच राहू दे. मग पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने फिरव. फिरलं तर अर्धी लढाई जिंकलीस. अडलं तर जोर लावू नकोस, हेड उघडावं लागेल. पेट्रोलची टाकी खाली उतरवून धुऊन घे. नऊ वर्षांच्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो, तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, गेला की महिनाभर छळतो. टायर वरून कितीही चांगले दिसोत, बदल. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते एकदा वाचलेस की मला पुन्हा विचारणार नाहीस.

पेट्रोलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आज जुन्या गाडीचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या गाड्यांचे रबरी पाइप, टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनावरचा पंप, मिस्त्री ज्याला एसी पंप म्हणतात, त्याचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं, यातलं काहीही इथेनॉलसाठी बनलेलं नव्हतं. रबर आधी फुगतं, मग तडकतं, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. आग लागते ती अशी. सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घाल, जुना एकही ठेवू नकोस. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतली ओल ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असशील तर टाकी आणि कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर, म्हणजे त्यातली पेट्रोलची वाटी, रिकामे करून ठेव. तिसरं, त्याच जेटमधून गेलेल्या या पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, इंजिन गरम चालतं, धक्के देतं. मी मेन जेट एक नंबर मोठा घालतो आणि प्लगचा रंग बघतो. पांढरटपणा जाऊन विटकरी तपकिरी आला की जमलं.

त्यात आपला माळव्याचा मे महिना. बेचाळीस अंशांत सिग्नलला दहा मिनिटं थांबलास की पेट्रोलची एसी पंपातच वाफ होते आणि गाडी बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकण्याचा उपाय आपल्या आधीच्या पिढीने शोधलेला, आजही तोच चालतो. रेडिएटर उघडून साफ करून घे, वॉटर पंप बघ, आणि डिकीत पाच लिटर पाणी कायम ठेव.

ब्रेकची वेगळीच गोष्ट. या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत. नीट बसवलेले असले तर रोजच्या वापराला छान, पण लागोपाठ जोरात दाबले की तापतात आणि मग पेडल दाबूनही गाडी पुढेच जाते. जाम गेटवरून मंडलेश्वरकडे उतरताना मी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. व्हील सिलेंडरची किट चांगल्या कंपनीची घे. बाजारात स्वस्त किट भरपूर आहेत, एक पावसाळाही टिकत नाहीत.

सुट्या भागांचं म्हणशील तर आपण इतकी वर्षं मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या जिवावर जगलो. टॅक्सी होत्या म्हणून पार्ट बनत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही बाद झाली. इंजिनाचं सामान अजून मिळतं, पण दरवाज्याचं हँडल, काचेची रबरं, बंपर दिसले की घेऊन ठेव, भले आज गरज नसेल.

ऑटोक्रॉसचा किडा शांत करायला जुनी मारुती ८०० घे. ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, पुढच्या चाकांना ताकद, आणि सामान प्रत्येक गल्लीत. मातीत ती शिकवते खूप आणि मोडली तर रडू येत नाही. जास्त दम हवा असेल तर १२९८ सीसीची एस्टीम बघ, आपल्याकडच्या शर्यतींत तिने वर्षानुवर्षं नाव काढलं आहे. पण पहिला हंगाम ८०० वरच काढ. हेल्मेट, चांगला हार्नेस आणि मोटरस्पोर्ट फेडरेशनचं लायसन्स, या तिन्हींत काटकसर करू नकोस. आणि रात्री सुपर कॉरिडॉरवर गाडी पळवणाऱ्यांत कधीही जाऊ नकोस. तिथे समोरून येणारा माणूस शर्यतीत नसतो.

पद्मिनीला मात्र टीएसडीत ने, कारण तिथे वेगाला नाही, अचूकपणाला गुण असतात. सरासरी ताशी ३६ किलोमीटरचा टप्पा असेल तर एक किलोमीटरला बरोबर शंभर सेकंद. लवकर पोचलास तरी दंड, उशिरा पोचलास तरी दंड. तुझं मीटर दोन टक्के चुकत असेल तर पन्नास किलोमीटरवर एक अख्खा किलोमीटर, म्हणजे शंभर सेकंद गेले. म्हणून सुरुवातीला आयोजकांनी दिलेल्या मापाच्या पट्ट्यावर मीटर ताडून घे आणि शेजारी शांत डोक्याचा माणूस बसव. बहीण असेल तर तिला घे. माझी बायको माझ्यापेक्षा दसपट चांगली नेव्हिगेटर आहे, आणि पहाटे महूच्या पुढे धुक्यात पद्मिनीचा तो चौथ्या गिअरमधला घुमणारा आवाज आणि बाजूला तिचे मोजके आकडे, यासाठी मी अख्खा उन्हाळा गाडीखाली झोपून काढतो.

कागदांचंही बघ. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते. वीस वर्षांवरच्या कारला २०२५ पासून त्याची फी दहा हजार रुपये आहे, उशिराचा दंड वेगळा. व्हिंटेजची वेगळी नोंदणी पन्नास वर्षांच्या पुढच्या गाडीला मिळते, तुझी त्यात अजून बसत नाही. आणि विम्याची पॉलिसी नीट वाच. शर्यत आणि वेगचाचणीत झालेलं नुकसान साधारणपणे वगळलेलं असतं, रिलायबिलिटी ट्रायल, म्हणजे गाडीच्या टिकाऊपणाची चाचणीही, त्याच वाक्यात असते. रॅलीला जाण्याआधी कंपनीकडून लेखी विचारून घे.

ताडपत्री मात्र आजच काढ. तिच्याखाली ओल कोंडते आणि दरवाज्यांच्या खालच्या कडा, फ्लोअर आणि डिकीचा तळ आतून कुजतो. मॅट उचलून फ्लोअरवर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून बघ, आवाज टणक येतो की भुसभुशीत ते इथे लिही. प्लग काढलेस की त्यांचे फोटोही टाक, त्यावरून पुढचं सांगतो.