वाचकांचे प्रश्न : रॅली गेममध्ये स्टिअरिंग कधी जड, कधी मुकं

या वेळी सगळे प्रश्न स्टिअरिंग व्हीलच्या फोर्स फीडबॅकबद्दलचे, म्हणजे गेम मोटरच्या मदतीने व्हीलमधून हाताला जो जोर देतो त्याबद्दलचे, घेतले आहेत. सेटिंगची नावं गेमच्या मेन्यूत दिसतात तशीच ठेवली आहेत, म्हणजे शोधायला त्रास पडणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे लॉजिटेक जी२९ हे गेमिंग व्हील आहे. डर्ट रॅली २.० या गेममध्ये फोर्स फीडबॅकचे सगळे स्लायडर १०० वर आहेत. स्टिअरिंग जड लागतं, पण गाडी कधी घसरायला लागली ते हाताला कळतच नाही. जो तो वेगळे आकडे सांगतो. नेमकं काय ठेवू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : सगळे १०० वर आहेत, तिथेच गोची आहे. गेम व्हीलला शून्य ते १०० टक्के एवढ्याच पट्टीत हुकूम देऊ शकतो. वळणाचा जोर, खड्ड्यांचे धक्के, टायरची थरथर या सगळ्यांची बेरीज त्याच पट्टीत बसवावी लागते. लांब वळणावर नुसत्या वळणाच्या जोरानेच पट्टी भरली, तर त्यावरचा धक्का मावत नाही आणि सरळ कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. हाताला जडपणा लागतो, पण त्या जडपणात बदल होत नाही, म्हणून काही कळत नाही. जी२९ची मोटर जेमतेम दोन न्यूटन-मीटरची (हे फिरवण्याच्या जोराचं माप). तिच्याकडून ताकद मागण्यापेक्षा फरक मागा.

आधी ड्रायव्हर तपासा. जी-हब या लॉजिटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑपरेटिंग रेंज ९०० अंश, सेंसिटिव्हिटी ५० आणि सेंटरिंग स्प्रिंग बंद. अजून जुनं लॉजिटेक गेमिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर ओव्हरऑल १००, स्प्रिंग ०, डँपर (व्हील फिरण्याला होणारा विरोध) ०. गेममध्ये स्टिअरिंग सेंटर फोर्स बंद करा आणि सॉफ्ट लॉक (गाडीचं स्टिअरिंग जिथे संपतं तिथे व्हील अडवणारी सोय) चालू ठेवा. सेंटरिंग स्प्रिंग म्हणजे व्हीलला मधोमध खेचणारी बनावट स्प्रिंग. रस्त्याशी तिचा काही संबंध नसतो, आणि ती चालू असेल तर पुढचं सगळं वाया.

आता सेल्फ अलाइनिंग टॉर्क (चाकांना सरळ करू पाहणारा जोर) सोडून बाकी सगळं शून्यावर आणा. स्पेनचा डांबरी स्टेज (रॅलीतला रस्त्याचा एक टप्पा) घ्या, कारण डांबरावर जोर सगळ्यात जास्त येतो. आर५ या रॅली कारच्या वर्गातली गाडी घ्या आणि एखाद्या लांब, वेगवान वळणात स्टिअरिंग थोडं थोडं जास्त वळवत जा. वळवाल तसा जोर वाढला पाहिजे आणि पुढचे टायर पकड सोडायला लागले की तो उतरला पाहिजे. मध्येच भिंत लागल्यासारखा जोर एका जागी थांबत असेल, तर ५-५ ने खाली या. जी२९ वर डांबरासाठी हा आकडा बहुधा ७० ते ८० च्या आसपास थांबतो. मातीच्या स्टेजला ९०-१०० चालतो, कारण खडीवर मुळात जोरच कमी तयार होतो.

मग बाकीचे एकेक करून आत घ्या. टायर फ्रिक्शन ६० ते ७०, सस्पेन्शन ५०, व्हील फ्रिक्शन १५, टायर स्लिप ३०, कोलिजन २०. ही सुरुवात समजा, शेवटचा शब्द नव्हे. टायर स्लिप वाढवायचा मोह फार होतो, कारण घसरलं की व्हील गुरगुरतं आणि काहीतरी चाललंय असं वाटतं. पण ती थरथर घसरण सुरू झाल्यावर येते. पकड सुटायच्या आधीची सूचना टॉर्कच्या उतरण्यातच असते. टायर जास्त तिरपा होत गेला की त्याला सरळ करणारा जोर पकडीच्या आधी कमी व्हायला लागतो, म्हणून स्टिअरिंग क्षणभर हलकं होतं. ते हलकेपण गुरगुरीखाली दबू देऊ नका. खडीवर ते डांबराइतकं ठळक नसतं, तेव्हा तिथे कान आणि डोळेही लावावे लागतात.

प्रश्न : चिखलावर मागची बाजू सुटली की व्हील आपोआप उलट्या बाजूला फिरतं. मी घट्ट धरून ठेवतो तरी खेचतं. आमच्या खाणीच्या लाल रस्त्यावर रोज गाडी चालवतो, तिथे असं कधी होत नाही. व्हीलमध्ये बिघाड आहे का?
— एक वाचक, सांगे

उत्तर : बिघाड नाही, आणि घट्ट धरू नका! गाडी आडवी झाली तरी ती पुढे जात असते जुन्याच दिशेने. पुढच्या चाकांना त्या प्रवासाच्या दिशेकडे तोंड करायचं असतं, म्हणून स्टिअरिंग स्वतःच उलटं फिरतं. तुमच्या रोजच्या गाडीत पॉवर स्टिअरिंग यातलं बरंच गिळून टाकतं. शिवाय खाणीच्या रस्त्यावर तुम्ही गाडी आडवी घालत नसणार, अशी आशा आहे.

सराव असा करा. अर्जेंटिनाचा स्टेज, दुसरा गिअर, मोकळं वळण. आत वळा, ॲक्सिलरेटर सोडा, डाव्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श. मागची बाजू निघाली की पकड सैल करून रिम बोटांतून सरकू द्या आणि जिथे ती थांबते तिथे धरा. बहुतेक वेळा ती जवळपास बरोबर कोनावर थांबते. उरलेला थोडा फरक तुम्ही द्यायचा. हे होत नसेल, व्हील आळसावल्यासारखं फिरत असेल, तर व्हील फ्रिक्शन किंवा ड्रायव्हरमधला डँपर जास्त आहे. रॅलीत व्हीलचा वेग त्याच्या ताकदीपेक्षा महत्त्वाचा. जड पण संथ व्हीलवर माणूस उलटं वळण द्यायला नेहमी अर्धा सेकंद उशीर करतो.

प्रश्न : रोटेशन (व्हील टोकापासून टोकापर्यंत किती अंश फिरतं ते) ९०० ठेवू की ५४०? पडद्यावरचे हात आणि माझे हात जुळत नाहीत.
— एक वाचक, वास्को

उत्तर : डर्ट रॅली २.० साठी ड्रायव्हरमध्ये ९०० ठेवा, गेममध्ये व्हील पुन्हा कॅलिब्रेट करा, सॉफ्ट लॉक चालू ठेवा. मग प्रत्येक गाडीचं खरं रोटेशन गेम स्वतः लावतो. आधुनिक रॅली कार ५४० अंशांच्या आसपास, जुनी मिनी किंवा फुल्व्हिया त्याहून बरीच जास्त. ड्रायव्हरमध्ये ५४० करून गेमला ९०० च सांगितलेलं असेल, तर हात कधीच जुळणार नाहीत. स्टिअरिंग लिनिॲरिटी ०, डेडझोन (सुरुवातीची जी हालचाल गेम मोजत नाही ती) ०, सॅच्युरेशन १००.

प्रश्न : आमचं घर जुनं आहे, माझी खोली लाकडी माळ्यावर. रात्री जी२९ असं खडखडतं की खाली झोपलेली आजी उठते. आवाज कमी करण्यासाठी काय करता येईल?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : जी२९च्या आत दातेरी गिअर आहेत आणि दात्यांमध्ये थोडी मोकळीक असते. जोर डावीकडून उजवीकडे भराभर बदलला की दाते एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटतात. म्हणजे सगळ्यात जास्त आवाज वळणात नाही, सरळ खडबडीत रस्त्यावर होतो, जिथे जोर शून्याच्या अवतीभवती नाचत असतो. सस्पेन्शन ३० ते ३५ वर आणा, टायर स्लिप १० वर, आणि व्हील फ्रिक्शन २५ पर्यंत चढवा, म्हणजे दात्यांवर थोडा ताण राहतो आणि ते सैल वाजत नाहीत. तपशील थोडा जातो, पण रात्रीपुरतं चालेल. कोलिजन शून्य करा. फिनलंडच्या उड्यांनंतर गाडी आदळताना जो एक दणका येतो, तो बहुतेक सस्पेन्शनचा असतो, पण दगडाला लागल्यावरचा कोलिजनचा.

लाकडी माळा आवाज वाढवतो, हे वेगळंच. टेबलाच्या चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवा आणि पेडलखाली जुनी योगा मॅट दुमडून घाला. व्हील टेबलाला आवळणाऱ्या क्लँपच्या जबड्यात मात्र मऊ काही घालू नका. व्हील डुलायला लागतं आणि बारीक धक्के हातापर्यंत पोचत नाहीत.

प्रश्न : मोझा आर५ हे व्हील नवीन घेतलं. सरळ रस्त्यावर हात सैल सोडला की स्टिअरिंग डावी-उजवीकडे झोके घेतं आणि झोके वाढतच जातात. टॉर्क कमी केला तर थांबतं, पण मग मजाच राहत नाही.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : टॉर्क परत वर घ्या, तो दोषी नाही. व्हील मध्यापलीकडे गेलं हे गेमला कळून उलटा जोर येईपर्यंत क्षणाचा उशीर होतो. तेवढ्यात व्हील पुढे निसटलेलं असतं, मग जोर जास्त लागतो आणि ते दुसऱ्या बाजूला जातं. जी२९ मध्ये गिअरचं घर्षणच हे झोके मारून टाकतं. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटरचा दांडाच थेट व्हीलला जोडलेला, म्हणून मधे अडवणारं काही नाही.

पिट हाउस या मोझाच्या सॉफ्टवेअरमध्ये डँपिंग ५-५ ने वाढवा आणि झोके दोन-तीन फेऱ्यांत विरायला लागले की थांबा. पूर्ण बंद करायच्या नादी लागू नका, कारण तिथपर्यंत गेलात तर आधी सांगितलेलं उलटं फिरणंही मंदावेल. गेममध्ये व्हील फ्रिक्शन १५-२० पुरे. सिग्नल गुळगुळीत करणारं फिल्टर कमीत कमी ठेवा; ते चढवलं की खडीवरची बारीक करकर सगळ्यात आधी गायब होते.

मोझा आर५ चा जोर ५.५ न्यूटन-मीटर, म्हणजे जी२९च्या अडीचपट. कोलिजन १० च्या वर नेऊ नका आणि अंगठे आऱ्यांच्या आत अडकवू नका, रिमवरच टेकवा. झाडाला गाडी आपटली की व्हील झटक्यात फिरतं आणि अंगठा मुरगळतो. हात बसेपर्यंत पिट हाउसमध्ये एकूण ताकद ६० टक्के ठेवणं शहाणपणाचं.

प्रश्न : रिचर्ड बर्न्स रॅलीत खडीवर लावलेलं सेटिंग डांबरावर फारच जड होतं आणि बर्फावर काहीच जाणवत नाही. माझं चुकतंय कुठे?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : कुठेच नाही. तीन पृष्ठभागांची पकड वेगळी, त्यामुळे जोरही वेगळा. गेम २००४ चा असला तरी आज तो बहुतेक जण रॅलीसिमफॅन्सच्या मॉडसह (चाहत्यांनी केलेल्या सुधारित आवृत्तीसह) खेळतात, आणि त्यात डांबर, खडी, बर्फ यांना फोर्स फीडबॅकचा वेगळा आकडा देता येतो. आधी खडी बसवा. मग तीच गाडी डांबरावर नेऊन, लांब वळणात जोर सपाट होणं थांबेपर्यंत आकडा बदला. बर्फाला वाढवून द्या, पण बर्फावर स्टिअरिंग हलकंच असतं हे धरून चाला. तिथे डांबराइतका जडपणा आणायला गेलात तर हाती येते ती नुसती खडखड. एका वेळी एकच आकडा, तोच स्टेज, तीच गाडी. डर्ट रॅली २.० मध्ये अशी सोय नाही, म्हणून डांबराचे आणि मातीचे आकडे कागदावर लिहून टेबलाला चिकटवा.

प्रश्न : थ्रस्टमास्टर टी३०० व्हील मे महिन्यात अर्ध्या-पाऊण तासाने मऊ पडतं. मोटर जळाली तर नाही?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : तापतंय. मोटर ठराविक तापमानाच्या वर गेली की व्हील स्वतःच जोर कमी करतं. थंड झाल्यावर जोर परत येतो, म्हणजे मोटर शाबूत आहे. कंट्रोल पॅनलमधली एकूण ताकद ७५ वरून ६० वर आणा. मोटर सगळ्यात जास्त तापते ती एका जागी जोर लावून थांबलेली असताना, म्हणून सेल्फ अलाइनिंग टॉर्क थोडा उतरवल्याचाही फायदा होतो. स्टेज संपल्यावर व्हील वळवून धरून बसू नका. व्हीलच्या मागची जाळी भिंतीला चिकटली असेल तर वीतभर पुढे ओढा आणि तिथे टेबल फॅन लावा.

प्रश्न : पावसात वीज सारखी येते-जाते. कॉम्प्युटर यूपीएसवर आहे, त्यामुळे गेम चालू राहतो, पण माझ्या जी२९ व्हीलचा जोर जातो तो परत येत नाही. शिवाय ब्रेकचा आकडा आपोआप उड्या मारतो.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. जी२९ला जोर मिळतो अडॅप्टरमधून. नुसत्या यूएसबीवर ते ओळखलं जातं, बटणं चालतात, पण मोटर मेलेली. वीज परत आली की व्हील दोन्ही बाजूंना गरागरा फिरून स्वतःला जुळवतं, तेव्हा हात बाजूला घ्या. मधल्या काळात गेमचा व्हीलशी धागा तुटलेला असतो, म्हणून गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा लागतो. यूपीएसवर वाव असेल तर अडॅप्टरही त्यावरच टाका. वीज न जाताही जोर गेला असेल, तर स्टीममध्ये (गेम विकत घेऊन चालवायचं ॲप) त्या गेमपुरतं स्टीम इनपुट बंद आहे ना ते पाहा. आल्ट-टॅब करून बाहेर जाऊन आलात तरी कधी कधी हेच होतं.

ब्रेकच्या उड्या पोटेंशियोमीटरच्या, म्हणजे पेडल किती दाबलं ते मोजणाऱ्या भागाच्या. दमट, खारट हवेत त्याच्या आतल्या पट्टीवर थर बसतो. यूएसबी आणि अडॅप्टर काढा, पेडलचा खालचा भाग उघडा, ब्रेकच्या पोटेंशियोमीटरच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि पेडल तीस-चाळीस वेळा दाबा. तासभर वाळू द्या, मगच जोडा. गंज काढायचं साधं तेल वापरू नका, ते मागे चिकट थर ठेवतं आणि पुढच्या पावसात धूळ त्यालाच बसते. हे करूनही उड्या थांबल्या नाहीत तर भाग बदलणंच सोपं, आणि तोवर ब्रेकला ३-४ टक्के डेडझोन देऊन खेळता येतं.