धावपटूच्या हाती कॅमेरा : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : वीस वर्षं पाच हजार मीटर धावलो. आता बावन्नाव्या वर्षी गुडघे साथ देत नाहीत. धावपटूंवर माहितीपट करावा म्हणतो. उशीर झालाय का? (सातारा)

वयाचं सोडा. अमेरिकेचा केनी मूर १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला चौथा आला. त्याच ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटरला स्टीव्ह प्रीफाँटेनही चौथाच. दोघंही ओरेगॉन विद्यापीठाचे, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेले. पुढे १९९८ साली प्रीफाँटेनवर ‘विदाउट लिमिट्स’ हा चित्रपट आला. त्याच्या सहलेखकाचं नाव केनी मूर, वय चोपन्न! पदक एका जागेनं हुकणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मात्र तो ट्रॅकवरून थेट सेटवर गेला नाही. मधली कित्येक वर्षं तो क्रीडापत्रकारिता करत होता. तुम्हीही आधी वही उघडा. हरलेल्या एखाद्या शर्यतीची शेवटची फेरी लिहून काढा. दोन पानं भरली नाहीत, तर कॅमेऱ्याची घाई करू नका.

प्रश्न : मोबाइलवर शूट केलं की धावणाऱ्याचे पाय तुटक का दिसतात?

शटरमुळे. भर उन्हात मोबाइल आपणहून शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून वर नेतो. प्रत्येक चौकट कोरीव येते, पण हालचालीचा पुसटपणा जातो. सेकंदाला २५ चौकटी घेत असाल तर शटर १/५० ठेवा. चित्र पांढरंफटक पडलं तर एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, लेन्सवर लावा. नाहीतर सरळ पहाटे शूट करा, धावणाऱ्यांना पहाटेचं काय सांगायचं!

प्रश्न : माझा दम अजून टिकून आहे. कॅमेरा घेऊन धावपटूसोबतच धावले तर?

एकदा धावाच, हौस फिटेल. मी पुण्यात हनुमान टेकडीवर एका मुलीच्या मागे असाच पळालो होतो. घरी येऊन पाहतो तर पडद्यावर तिची उडती वेणी आणि आवाज सगळा माझ्या धापेचा. त्यापेक्षा वळणावर उभ्या राहा, लांब पल्ल्याची लेन्स लावा आणि तिला येऊ द्या. आणि शर्यत संपली म्हणून कॅमेरा बंद करू नका. रेषा ओलांडल्यावर ती आधी घड्याळ बघते की मागे वळून कोण आलं ते, तेवढं टिपा.

प्रश्न : कॅमेरा कोणता घेऊ?

हातातला मोबाइल पुरे. पैसे माइकवर घाला.