बाग ताणावर सोडताना

या महिन्याच्या पत्रांतून तीन पत्रं निवडली आहेत. पहिलं मी चार वेळा वाचलं, म्हणून त्याच्या उत्तराला जास्त जागा घेते आहे. बाकीच्या दोघांनी समजून घ्यावं.

प्रश्न : मावशी, प्रभूच्या नावानं सलाम. मी ४३ वर्षांची, शाळेत शिक्षिका आहे. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, महिला मंडळाची खजिनदार आहे, संडे स्कूल घेते, गायनवृंदातही आहे. घरी सासूबाई पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा दहावीत. रविवारी रात्री मी सोमवारपेक्षा जास्त दमलेली असते. प्रार्थनेला गुडघे टेकले की डोक्यात कामांची यादी सुरू होते. परवा प्रभुभोजनाच्या वेळी हातात भाकर होती आणि मी मंडपवाल्याचे पैसे द्यायचे राहिलेत, हा विचार करत होते. घरी येऊन खूप रडले. पाळकसाहेब म्हणतात, सगळं प्रभूवर सोपव. सोपवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि मी सोडलं तर हे सगळं करणार कोण?
– एक भगिनी, मोहननगर

उत्तर : बाळ, हातात भाकर असताना मंडपवाला आठवला म्हणून प्रभू तुझ्यावर रागावलेला नाही, हे आधी सांगते. तू रडलीस ना, ते रडणं त्याच्याकडे पोचलं आहे.

आता माझं सांगते. मी चौतीस वर्षं नर्सिंग केलं. ड्यूटीवरून आले की मंडळीचं काम. घरोघरच्या प्रार्थनासभांच्या याद्या, नाताळच्या कॅरलचं वेळापत्रक, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं माझ्या एका लाल वहीत. आमचे हे ऑफिसातून आले की उन्हाळ्यात गॅलरीत दोन खुर्च्या टाकायचे. कूलरच्या वाळ्याचा वास तिथवर यायचा. म्हणायचे, "ये, दहा मिनिटं बस." मी म्हणायची, "एवढी यादी होऊ द्या." चहा मी नेऊन द्यायची, पण उभ्या-उभ्याच. पुढे त्यांनी दुसरी खुर्ची टाकणंच सोडलं. एक शब्द बोलले नाहीत, नुसती खुर्ची टाकणं सोडलं. ते माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत मी महिला मंडळात 'देवाच्या सान्निध्यात राहणे' या विषयावर तीनदा बोलले होते.

१९९९च्या एप्रिल महिन्यात मला कावीळ झाली. डॉक्टरांनी सहा आठवडे अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं. मुलांची उन्हाळी बायबल शाळा आठ दिवसांवर, आणि तिच्या सगळ्या चाव्या माझ्याकडे. मी पडल्या-पडल्या चिठ्ठ्या पाठवत होते. शेवटी ह्यांनी वही उचलली आणि एका तरुण मुलीच्या हाती देऊन आले. शाळा झाली. गाणी तिनं वेगळी बसवली. खाऊला मी दर वर्षी चिवडा ठेवायची, तिनं केळी ठेवली. मुलं आनंदात घरी गेली. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. काम अडलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. ते अडलं नाही, याचं मला रडू आलं.

तेव्हा मला कळलं की 'प्रभूसाठी, प्रभूसाठी' म्हणत मी जे धरून ठेवलं होतं, ते प्रभूच्या हाती कधी दिलंच नव्हतं.

बरं वाटू लागल्यावर मे अखेरीस मला काटोलकडे नातेवाइकांच्या संत्र्याच्या बागेत नेलं. तिथली झाडं बघून माझ्यातली नर्स कासावीस झाली. पानं आतल्या बाजूला वळलेली, अर्धी मिटलेली मूठ असते तशी. रंग उतरलेला. बुंध्याभोवतीची माती भेगाळलेली. विहिरीला पाणी होतं, म्हणून मी सरळ बादली भरली आणि जवळच्या झाडाकडे निघाले. बागेतल्या म्हाताऱ्या बुवांनी माझ्या हातातली बादली धरली. म्हणाले, "बाई, पाणी नका देऊ. बाग ताणावर सोडली हाय. आता पाणी देल्लं त झाड निसतं पानावर जाईन. फूल कुठून येईन?"

विदर्भातल्या वाचकांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडं सांगते. संत्र्याच्या झाडाला वर्षभर पाणी देत राहिलं तर ते हिरवंगार दिसतं, पालवी फुटत राहते, आणि बहार धड येत नाही. म्हणून मृग बहार घ्यायचा असेल तर ऐन उन्हाळ्यात पाणी तोडतात, आंबिया बहार घ्यायचा असेल तर हिवाळ्यात. किती दिवस तोडायचं हे जमिनीवर ठरतं. भारी काळ्या जमिनीत जास्त, हलक्या जमिनीत कमी. शेतकरी याला झाडाची विश्रांतीच म्हणतात. आणि जाणता माणूस वर्षातून एकच बहार धरतो. दोन्ही धरले तर झाड खचतं आणि त्याचं आयुष्य कमी होतं.

मी कितीतरी वेळ बादली घेऊन तिथंच उभी होते. आपण म्हणतो, 'मला फार ताण आहे', म्हणजे मला उसंत नाही. बागेत 'ताण दिला' म्हणजे झाडाला विसावा दिला. शब्द एकच. मी चाळीस वर्षांची होते आणि आयुष्यभर दोन्ही बहार धरत आले होते. लोकांना माझी हिरवी पानं दिसत होती. फुलं नव्हती, हे मला ठाऊक होतं आणि ह्यांना ठाऊक होतं.

जूनच्या शेवटी ह्यांच्यासोबत परत गेले. मृगाचा पाऊस होऊन गेला होता. बागेत शिरण्याआधी, रस्त्यावरच संत्र्याच्या फुलांचा वास आला.

आता मार्थेकडे येऊ. प्रभू घरी आला तेव्हा बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली, आणि एकटी राबणाऱ्या मार्थेनं तिची तक्रार केली, ती मार्था. तुला ही गोष्ट इतक्यांदा ऐकवली गेली असेल की तिचं नाव निघालं तरी तुला अपराधी वाटत असेल. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू तिला म्हणतो की तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस. स्वयंपाक का करतेस, असं तो म्हणत नाही. दगदग हा शब्द आपल्या बायकांना समजावून सांगावा लागत नाही. आणि आपण तिला तिथंच सोडून देतो, हा तिच्यावर अन्याय आहे. योहानाचं शुभवर्तमान उघड. अकराव्या अध्यायात भाऊ गेल्यावर मरिया घरात बसून राहते आणि मार्था उठून प्रभूला सामोरी जाते. 'तू ख्रिस्त आहेस' ही साक्ष तिच्या तोंडची आहे. बाराव्या अध्यायात पुन्हा बेथानीला जेवण आहे, आणि तिथं मार्था काय करते? वाढते आहे. तेच काम. पण या वेळी बहिणीबद्दल तक्रार नाही. सोपवणं म्हणजे काय हे तू विचारलंस. मला ते या दोन जेवणांच्या मध्ये दिसतं. प्रभू म्हणतो, "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन," आणि लगेच पुढच्या ओळीत जू घ्यायला सांगतो. विसावा आणि जू त्यानं एकमेकांपासून तोडलेले नाहीत.

'करणार कोण?' हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो खरा आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मला आठवते ती गर्दी आणि वडिलांनी घट्ट धरलेला हात. या ऐक्याची बोलणी १९२९ साली सुरू झाली होती. एकेचाळीस वर्षं! पहिल्या बैठकीला बसलेल्या कितीतरी माणसांना तो दिवस पाहता आला नाही. त्यांनी आपापला वाटा केला आणि कागद पुढच्याच्या हाती दिले. आपल्या महिला मंडळाची वही त्याहून जड नाही, बाळ.

म्हणून तुला एकच गोष्ट सोडायला सांगते. सगळी सोडू नकोस. सगळी सोडणारी बाई महिनाभरात सगळी परत घेते. खजिनदारीची वही या महिन्यात दुसऱ्या बहिणीच्या हाती दे. हिशेब समजावून सांग, शिल्लक मोजून दे, सही घे. आणि नंतर तिनं वेगळ्या पद्धतीनं लिहिलं तर बोलू नकोस. सगळ्यात अवघड भाग हाच आहे. तिची चूक होईल. तिला करू दे. तुझ्या जिभेवर आलेलं वाक्य तू गिळशील ना, त्या क्षणी तू खरंच सोपवलेलं असेल.

रविवारच्या दुपारी सासूबाईंजवळ नवऱ्यानं किंवा मुलानं बसावं. दहावीचा मुलगा दोन तास आजीजवळ बसला म्हणून त्याचे मार्क जात नाहीत. पुस्तक घेऊन बसू दे. तेवढा वेळ तू झोप. हो, झोप. संदेष्टा एलीया थकून झुडपाखाली पडला आणि 'आता पुरे, प्रभू' म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, आणि पुन्हा झोपू दिलं. मग उठवून पुन्हा खायला दिलं. देवाचं बोलणं त्याच्यानंतर आलं. प्रार्थनेत यादी आठवली तर शेजारी कागद ठेव, दोन शब्द लिही आणि पुन्हा डोळे मीट. यादीशी भांडू नकोस.

एक सांगायचं राहिलं. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा आहे, तिथं देव सांगतो की तुझ्या दासानं आणि दासीनंही तुझ्यासारखाच विसावा घ्यावा, कारण तूही मिसरात दास होतास. माझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईला मी वीस वर्षं रविवारी सकाळी सहाला बोलावत होते, मला उपासनेला वेळेवर जाता यावं म्हणून. हे लिहिताना आजही मान खाली जाते. तुझ्याकडे कुणी येत असेल तर तिचाही रविवार बघ.

आणि नर्स म्हणून सांगते : महिनाभर झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सकाळी उठायचीच इच्छा होत नसेल, तर डॉक्टरांना दाखव. त्यात विश्वासाची कमतरता नाही.

प्रश्न : मी २६ वर्षांचा, मिहानमध्ये नोकरी करतो. मोबाईलवर रोज वचन येतं, वर्षात बायबल संपवण्याची योजना दोनदा पूर्ण केली. पण माझी आत्मिक वाढ होतेय असं वाटत नाही. वाढ मोजायची कशी?
– एक तरुण, मनीषनगर

उत्तर : ११८९ अध्याय दोनदा वाचलेस, हे थोडं नाही. वाया गेलेलं नाही. पण मार्कच्या चौथ्या अध्यायातला तो शेतकरी आठव. बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं रुजतं हे त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. झोपणं प्रभूनं त्या दाखल्यात मुद्दाम घातलं आहे, असं मला वाटतं. पऱ्हाटी (कपाशी) रुजली का हे पाहायला कुणी रोज बी उकरत नाही.

या वर्षी योजना घेऊ नकोस. मार्कचे सोळा अध्याय घे आणि ते सहा महिने पुरव. कागदावरचं, छापील बायबल घे, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. एखाद्या ओळीपाशी थांबावंसं वाटलं तर तिथंच थांब, त्या दिवशी पुढे जाऊ नकोस. वाढ झाली की नाही हे मला विचारू नकोस, स्वतःलाही विचारू नकोस. सहा महिन्यांनी आईला विचार, की मी घरी कसा बोलतो. आयांना नेमकं माहीत असतं.

प्रश्न : रेल्वेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. पत्नी देवाघरी गेली. लोक उसंत मागतात, मला उसंतच खायला उठते. आता माझा प्रभूला काय उपयोग?
– एक वाचक, अजनी

उत्तर : भाऊ, आमचे हे गेल्यापासून गॅलरीत संध्याकाळी एकच खुर्ची असते, त्यामुळे तुमचं वाक्य मला समजलं. उपयोगाचा प्रश्न आपण बाजूला ठेवू. बाळ येशूला मंदिरात ओळखलं ते शिमोनानं आणि हन्नानं. हन्ना चौऱ्यांशी वर्षांची विधवा होती, मंदिर सोडून कुठं जात नव्हती. घाईत असलेली माणसं त्या दिवशी त्याच अंगणातून ये-जा करत होती.

वर मोहननगरच्या भगिनीचं पत्र आहे, ते पुन्हा वाचा. अंथरुणाला खिळलेलं एखादं माणूस तुमच्या गल्लीत, तुमच्या मंडळीत असेलच. पाळकसाहेबांना विचारून येत्या रविवारी तीन वाजता तिथं जा. घरच्यांना सांगा, पाच वाजेपर्यंत मी आहे, तुम्ही पडा जरा. एकाहत्तरावं स्तोत्र वाचा, म्हातारपणी मला टाकू नकोस म्हणणारं. आवाज मोठा ठेवा, सावकाश वाचा. चष्मा न्यायला विसरू नका.