सर्व्हिस बुकात नसलेली रात्र

चि. लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, सात वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं आणि आता चोवीस वर्षांचा पोरगा मला नवीन टूल शिकवतोय. मागेच गेले की मी." मी नुसतं 'हं' म्हटलं. फोनवर मला बोलणं सुचत नाही. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे फोन चालू ठेवण्यात गेली, त्याचा परिणाम असावा.

मी १९८४ साली टेलिफोन खात्यात लागलो तेव्हा आमचं एक्स्चेंज स्ट्रोजरचं होतं, म्हणजे हलत्या यंत्रांनी फोन जोडणारं जुन्या पद्धतीचं. गिऱ्हाइकाने नंबर फिरवला की सिलेक्टर, म्हणजे लाइन जोडून देणारं यंत्र, खडखडत वर चढायचा, मग गोल वळायचा. असे शेकडो. सकाळी बाजारपेठ उघडली की खडखडाट वाढायचा, दुपारी जेवणाच्या वेळेला उतरायचा. सात-आठ वर्षांत कान असा तयार झाला की चहा पिता पिता मी सांगायचो, कुठल्या रॅकमध्ये सिलेक्टर अडकलाय. साहेबांना कौतुक, मला माज.

मग सी-डॉटचं, म्हणजे सरकारच्या दूरसंचार संशोधन संस्थेचं, इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं. चपला बाहेर काढायच्या, आत एसी, आणि आवाजच नाही. फॉल्ट आला की कार्ड ओढा, दुसरं घाला. जुने सिलेक्टर भंगारात किलोवर गेले, त्यांच्याबरोबर माझा कानही. शिकवायला आलेला जेटीओ, म्हणजे ज्युनियर टेलिकॉम ऑफिसर, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तीन महिने मी त्याला एक प्रश्न विचारला नाही. कमांड वहीत उतरवायच्या आणि घरी पाढ्यांसारख्या पाठ करायच्या. अर्थ कळत नव्हता.

एका रात्री चुकीची कमांड देऊन मी अर्ध्या बाजारपेठेच्या लाइनी बंद पाडल्या. अकरा वाजता त्याच्या क्वार्टरचं दार वाजवलं. तो बनियनवर तसाच आला, लाइनी सुरू केल्या आणि ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "साहेब, पहिल्यापासून सांगा." पहाटेपर्यंत सांगत होता. पुढे पावसाळ्यात तोच माझ्याकडे आला: केबल तपासली तरी तक्रारी थांबेनात. मी खांबावर चढून लाइन ऐकली. खरखर होती, म्हणजे जॉइंटमध्ये ओल. कान भंगारात गेला नव्हता तर.

माझं सर्व्हिस बुक काढून पाहिलं. त्यात नेमणूक आहे, कायम झाल्याची नोंद आहे, वेतनवाढी आहेत, १ ऑक्टोबर २००० ला खात्याची कंपनी, बीएसएनएल, झाली ते आहे. शेवटी ३१ जानेवारी २०२०, स्वेच्छानिवृत्ती. त्या एका दिवशी आमचे ७८ हजारांच्या आसपास लोक घरी बसले. ती क्वार्टरची रात्र कुठेच नाही, आणि मला विचारशील तर माझी खरी बढती तीच. बाकीच्या तारखा मला बुक उघडल्याशिवाय आठवतही नाहीत.

तेव्हा माझ्यासारखे तीन महिने न विचारता तू फुकट घालवू नकोस. त्या पोराला उद्याच विचार, आणि वरवरचं नको, अगदी बावळट वाटेल असं विचार. तुझ्या सात वर्षांत कुठली गोष्ट कधी मोडली, कुणी लपवली, कशी सापडली, ते एका वहीत लिहून काढ. ते त्याच्याकडे नाही. आणि रागाच्या भरात राजीनामा बिलकूल द्यायचा नाही, घराचा हप्ता चालू आहे. सोडायचंच असेल तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडल्यावर बोलू.

मी सध्या गल्लीतल्या इंटरनेटवाल्या पोराकडे फायबर जोडायला शिकतोय. काच केसाएवढी बारीक, चष्म्यावर चष्मा लावावा लागतो. त्याला दिवसातून दहा वेळा विचारतो. तो वैतागतो, मग सांगतो. तुझी काकू म्हणते, ह्या वयात कशाला.

गणपतीला येशील तेव्हा ती वही घेऊन ये. पगारवाढीची पत्रं नकोत, ती मी पाहिली आहेत.

तुझा,
काका