मुंबईत आयसीयू नर्स म्हणून दहा वर्षं काम करूनही ब्रिटनमध्ये खालून सुरुवात का?

कारण तिथली नर्स म्हणून नोंदणी तुमच्या अनुभवावर होत नाही, पात्रता तपासून होते. आधी इंग्रजी: आयईएलटीएस देणार असाल तर वाचन, ऐकणं, बोलणं यांत 7 आणि लेखनात 6.5 लागतात. मग सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा, ती भारतातच देता येते. शेवटची ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा मात्र ब्रिटनमध्येच. ती पास होईपर्यंत तुम्ही नोंदणीकृत नर्स नसता, म्हणून एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, पगार बहुधा बँड 3 किंवा 4 या खालच्या वेतनश्रेणीचा, नंतर बँड 5.

मुंबईतला अनुभव बँड 5 मधल्या पगाराच्या पायरीसाठी धरायचा की नाही, हे बरंचसं रुग्णालयावर असतं. ऑफर स्वीकारण्याआधी लेखी विचारा; रुजू झाल्यावर घासाघीस अवघड. लवकर नोकरी सोडल्यास भरतीचा खर्च परत द्यावा लागेल, असं कलमही करारात असू शकतं. रक्कम वाचूनच सही करा.

लग्न झालेल्यांची वेगळीच डोकेदुखी: पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. आपल्याकडे आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, आणि परदेशातल्या कारकुनाला ती सरळ दोन माणसं वाटतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, गरज असल्यास राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडचं नाव, हे सगळं अर्जाआधीच जुळवून घ्या. अर्ज मध्यावर असताना हे निघालं की पडताळणी रखडते.