सगळं चेसच आहे मॅडम, मग निबंधात दुसरं काय लिहू?

तुझं पत्र दोनदा वाचलं. बारावी सायन्स, नाशिकचं इंदिरानगर, सात वर्षांची असल्यापासून बुद्धिबळ, दर सुट्टीत कुठली ना कुठली टुर्नामेंट, आणि आता अमेरिकेतल्या कॉलेजांचे फॉर्म, त्यांत लिहायचे निबंध. बाबा म्हणतात सगळे निबंध चेसवरच लिही, ओळखीतले एक काका म्हणतात एकसुरी वाटशील, थोडं समाजकार्य घाल. आणि तू मधल्यामधे अडकलीयेस.

आधी काकांचं. दोन रविवार गोदाघाटावर प्लास्टिक गोळा केलंस, छान केलंस, पण त्यावर निबंध नको. पत्रात तू स्वतःच त्याला अर्धी ओळ दिलीयेस, मग एवढे शब्द आणणार कुठून?

बाबांचं मात्र अर्धं बरोबर आहे. चेस लपवायचं काही कारण नाही, पण कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच सामायिक फॉर्ममध्ये, निबंधाशिवाय अ‍ॅक्टिव्हिटीजची यादी असते, 10 जागा, प्रत्येक वर्णनाला 150 अक्षरं, आणि बक्षिसांना वेगळ्या 5. रेटिंग, राज्य स्पर्धा, सोसायटीतल्या पोरांना शिकवतेस ते, सगळं तिथे बसतं. ही चेसवाली आहे हे तिथेच कळतं. मग मोठ्या निबंधाच्या 650 शब्दांत परत तेच, शेवटच्या राउंडला हरले, रडले, पुढच्या वर्षी जिंकले... असं कुठलाही खेळाडू लिहितो गं. आणि ‘आयुष्य म्हणजे चौसष्ट घरांचा पट’ हे तर कृपा करून नको. (ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या गावात चेसवाली मुलं माझ्याकडे येणारच, आणि पहिल्या ड्राफ्टात हे वाक्यही येतंच.)

मला तुझी शेवटची ओळ आवडली, जी तू जाता जाता लिहिलीस. आजोबांच्या निफाडच्या द्राक्षबागेची वही तू ठेवतेस, छाटणी कधी केली, पाऊस कधी आला, फवारण्या किती, भाव काय मिळाला. आजोबांना छाटणी लवकर उरकायची असते कारण माल आधी आला की भाव बरा, पण मग परतीच्या पावसात सापडायचं, डावणी रोग येतो, घड जिरतात, आणि तू मागच्या वर्षांच्या तारखा दाखवून त्यांच्याशी वाद घालतेस. अगं, हाच निबंध आहे! पाऊस पुढची चाल काय खेळेल याचा हिशोब तू मांडतेस, आणि त्यात चेस हा शब्द एकदाही यायची गरज नाही. तुझं ऐकून आजोबा थांबले आणि नुकसान झालं, असं कधी झालंय का? झालं असेल तर तिथूनच सुरुवात कर.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा फॉर्म वेगळा असतो, 8 प्रश्नांतले 4 निवडायचे, प्रत्येकी जास्तीत जास्त 350 शब्द. त्यातला एक तुझ्या सगळ्यात मोठ्या कौशल्यावरच आहे, तिथे चेस बिनधास्त लिही, पण एकाच डावावर, आणि शक्यतो हरलेल्या. उरलेल्या तिघांत फार तर एकदा शिकवण्याचं येऊ दे, तेही घोड्याची चाल रोज विसरणाऱ्या त्या पोराबद्दल, तुझ्याबद्दल कमी.

अर्लीची, म्हणजे लवकर अर्ज करायची, डेडलाइन बऱ्याच कॉलेजांची 1 नोव्हेंबर असते, आणि ऑक्टोबरात बागेत छाटणीची गडबड, म्हणून पहिला ड्राफ्ट गणपतीच्या आधी हवा. भेटायला येशील तेव्हा सर्टिफिकेटांची फाइल राहू दे घरी, ती वही आण.